त्याच्या हातात मी दिलेली हलगी

आमच्या बँडला नाव नव्हतं. यात बाणेदारपणा काही नव्हता. नाव काय ठेवायचं यावर एकमत व्हायच्या आत बँडच मोडला. तरीही सत्तरच्या दशकात सांगलीत आमचा रॉक बँड होता असं मी आजही सांगतो. ऐकणारा आधी माझ्या तोंडाकडे आणि मग माझ्या पोटाकडे बघतो. बघू दे.

गिटार माझ्या चुलत्यानं आणली होती. तो पलटणीत होता. शिलाँगला बदली झाली तेव्हा तिथली पोरं गिटारवर काय काय वाजवतात ते बघून तो खुळावला, आणि सुट्टीवर येताना एक गिटार आणि चार रेकॉर्डी घेऊन आला. कराडजवळच्या आमच्या घरात ऊस, म्हशी आणि पलटण यांपलीकडे कुणाचं डोकं चालत नव्हतं. ती गिटार वर्षभर ज्वारीच्या कणगीशेजारी उभी होती. कॉलेजसाठी सांगलीला निघालो तेव्हा मी ती उचलली. मिरजेतल्या एका म्हाताऱ्या सतार बनवणाऱ्यानं तिची वाकलेली मान सरळ करून दिली आणि सतार शिकण्याचा सल्लाही दिला. सल्ला मी घेतला नाही.

हळदीच्या पेठेतल्या एका अडत्याच्या मुलाकडे रेकॉर्ड प्लेअर होता, म्हणून त्याला बँडमध्ये घेतलं. त्याच्या वडिलांच्या वखारीत आमची तालीम चालायची, रविवारी दुपारी, हमाल नसताना. पोत्यांवर बसून वाजवायचो, शिंका यायच्या, आणि होस्टेलवर परतलो की शर्ट पिवळे झालेले. मेसमधली पोरं विचारायची, कुणाचं लग्न ठरलं रं? आम्ही इंग्रजी गाणी बसवायचो, पण अर्धे शब्द कळायचे नाहीत, म्हणून मग मी स्वतःच मराठीत लिहायला लागलो. मेसच्या आमटीवर, रॉकेलच्या रांगेवर, रेक्टरच्या टोपीवर. गायचं कमी आणि ओरडायचं जास्त. पंक हा शब्द मी कितीतरी वर्षांनी ऐकला, तेव्हा वाटलं, आपण हेच करत होतो की.

आणि तो. आमचा ड्रमर. होस्टेलवर माझ्या शेजारच्या खोलीत राहायचा, स्कॉलरशिपवर शिकायचा, बोलायचा अगदी कमी. पण जेवणाची वाट बघताना टेबलावर बोटं वाजवायचा, आणि ती बोटं ऐकताना समोर ताट वाढलेलं मला कळायचं नाही. मी आजवर पुष्कळ ड्रमर पाहिले. त्याच्यासारखा एकही नाही, हे मी उगाच गहिवरून सांगत नाही. आमच्यातला खरा वादक तो एकटाच होता. बाकीचे आम्ही हौशे.

एका बँडपार्टीकडून जुने ड्रम मिळत होते. तो म्हणाला, "आबांना विचारावं लागंल." ड्रम वाजवायला बापाला काय विचारायचं, असं मी म्हणालो. तेव्हा त्यानं सांगितलं.

त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हलगी होती. जत्रा, लग्न, मर्तिक, गावाला जेव्हा लागेल तेव्हा त्याच्या वडिलांनी जाऊन वाजवायची, ते गावानं ठरवलेलं कामच होतं. लहानपणी तोही बापामागून जायचा, हलगीचं कातडं ताणून यावं म्हणून ती शेकायला वाळकं गवत गोळा करायचा, आणि घरी आल्यावर वाजवूनही बघायचा. बौद्ध झाल्यावर त्यांच्या वस्तीतल्या लोकांनी एकेक काम सोडलं. त्याच्या वडिलांनी हलगी सोडली तेव्हा तो सात-आठ वर्षांचा असेल. गावानं आधी समजावलं, मग त्यांचं पाणी तोडलं, मजुरी तोडली. शेवटी घर बंद करून ते मिरजेला आले आणि रेल्वेत गँगमन म्हणून लागले. "तवापासून आमच्यात कातड्याला हात लावत न्हाईत," तो म्हणाला.

मी त्याच्याबरोबर मिरजेला क्वार्टरवर गेलो. त्याचे वडील सडपातळ, उन्हानं रापलेले, हातावर घट्टे. मला म्हणाले, "ये रं, बस." मी ड्रमचं सगळं समजावलं, कॉलेज, स्टेज, इंग्रजी वाद्य. त्यांनी सगळं ऐकून एकच विचारलं, "कातडं हाय का त्येला?" मी सांगितलं की प्लास्टिक आहे. खरंच होतं. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "मग वाजीव. पर कुणाच्या दारात जाऊन न्हाई." त्याच्या आईनं आम्हाला कांदेपोहे दिले. येताना सायकलवर तो मागं बसून माझ्या पाठीवर ठेका धरत होता. तो एवढा खुशीत मला क्वचितच दिसला.

तिसऱ्या वर्षी गॅदरिंगमध्ये आम्हाला अर्धा तास मिळाला. तोवर मला माझ्याबद्दल बरंच काही वाटायला लागलं होतं. इंग्रजांची नक्कल किती दिवस करायची, आपला आवाज पाहिजे, असलं मी बोलत असे. आणि तो आवाज मला ठाऊक होता. आमच्या गावच्या कुस्त्यांच्या मैदानात हलगी सुरू झाली की म्हाताऱ्यांचेही पाय थरथरतात. गिटार, माझं ओरडणं आणि त्याच्या हातात हलगी. मी त्याला एकदा सुचवून पाहिलं. "नगं गड्या," तो म्हणाला, आणि विषय संपला. माझ्यासाठी तो संपला नव्हता. मी गावी जाऊन मैदानात वाजवणाऱ्याकडून हलगी मागून आणली आणि कापडात गुंडाळून वखारीत ठेवली.

का केलं असं, हे मला पुष्कळांनी विचारलं, मीही स्वतःला विचारलं. त्याला दुखवायचं नव्हतं. मला वाटायचं, एकदा वाजली की त्यालाच पटेल. वाद्य म्हणजे वाद्य, त्यात काय, असं माझं मत होतं. माझ्या घरातल्या कुणाला ते वाजवण्यासाठी कधी कुणी दारात उभं केलं नव्हतं, त्यामुळे मला असं मत असणं परवडत होतं. हे शहाणपण मला आता आहे. तेव्हा मी एक उर्मट पोरगा होतो आणि मला टाळ्या हव्या होत्या.

गॅदरिंगला त्याचे आईवडील येणार आहेत हे मला माहीत होतं. त्यानंच दोन दिवस आधी सांगितलं होतं, आबांनी रजा टाकलीय म्हणून. खुर्च्यांच्या पाचव्या-सहाव्या रांगेत ते बसले होते, इस्त्रीचा सदरा घालून, मांडीवर टोपी ठेवून. संध्याकाळचं ऊन अजून मंडपात येत होतं. पहिली तीन गाणी बरी झाली. मग मी माईकवर जाहीर केलं की आता आपल्या मातीतला आवाज ऐका. कार्यक्रमाआधी पडद्यामागे मी कागद पेटवून हलगी शेकत होतो तेव्हाच त्यानं ती पाहिली होती. मी ती चुकीची धरली होती. तो जवळ आला, माझ्या हातातून ती घेतली आणि फिरवत फिरवत नीट शेकली. "आसं न्हाई, करपंल," एवढंच म्हणाला आणि ती माझ्याकडे परत दिली. मी त्याचा अर्थ मला पाहिजे तसा लावला.

स्टेजवर, सगळ्यांसमोर, ती मी त्याच्या हातात दिली. त्यानं माझ्याकडे पाहिलं. नाही म्हणायचं तर हजारभर लोकांसमोर कारण सांगावं लागणार होतं. त्यानं काड्या घेतल्या.

काय वाजवलं त्यानं ते मला शब्दांत सांगता येत नाही, आणि मी प्रयत्नही करणार नाही. मी दोन ओळी गायलो आणि थांबलो. गिटारही थांबवली. पोरं खुर्च्यांवर चढली. प्राध्यापक टाळ्या वाजवत होते. तेवढ्यात मागून एक जण, आमच्याच वर्गातला, कौतुकानं ओरडला, "रक्तातच हाय गड्या त्येच्या!" सगळे हसले. चांगल्या मनानं हसले.

त्याचे वडील उठले. त्यांनी टोपी घातली, शेजारच्यांच्या पायांना धक्का लागू नये म्हणून जपून रांगेतून बाहेर आले, मागोमाग आई. मंडपाच्या दारापाशी थांबून त्यांनी एकदा स्टेजकडे पाहिलं आणि गेले. मला ते दिसलं. त्यालाही दिसलं असणार. तरी तो वाजवत राहिला, गाणं संपेपर्यंत.

पुढच्या रविवारी तो तालमीला आला नाही. त्यानंतरही नाही. होस्टेलवर भेटला की नीट बोलायचा, नोट्स द्यायचा. टेबलावर बोटं वाजवणं मात्र बंद झालं. जेवणाची वाट बघताना तो हात मांडीवर ठेवून बसायचा, आणि ते बघवत नाही म्हणून मी उशिरा जेवायला लागलो. महिन्याभरानं हिंमत करून मी मिरजेला गेलो. तो घरी नव्हता. वडील दारात उभे होते. "आवं आबा, माझं चुकलं," मी म्हणालो. ते म्हणाले, "तुमी बसा. च्या घेऊन जावा." त्याआधी ते मला कधी तुम्ही म्हणाले नव्हते. चहा घेतला आणि मान खाली घालून परत आलो. त्या वेळी त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढं माझी म्हणून जी काय कारकीर्द झाली ती पुण्यात. हॉटेलांत वाजवलं, कॉलेजांच्या पोरांबरोबर वाजवलं, एकदा खंडाळ्याजवळ गाडी बंद पडली म्हणून कार्यक्रम चुकला आणि तो बँडही तिथंच संपला. सगळीकडे एक गोष्ट मात्र चालायची. त्यानं त्या संध्याकाळी वाजवलेला ठेका मी गिटारच्या तारांवर बसवला होता. लोक त्याला माझी खास ढब म्हणायचे. मी कधी कुणाची चूक दुरुस्त केली नाही. ती चोरी होती हे तेव्हाही कळत होतं.

दशक संपत आलं होतं तेव्हा तो मला साताऱ्याच्या एसटी स्टँडवर भेटला. शाळेत शिक्षक झाला होता, हातात पेपरांचा गठ्ठा. त्याची गाडी यायला वेळ होता. कँटीनमध्ये बसलो. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग मी म्हणालो की मी तुला अडकवलं, तुझ्या हातात ती बळंच दिली, मला माफ कर. इतकी वर्षं घोकलेलं वाक्य होतं.

तो म्हणाला, "दिलीस तू. वाजवली मी. मला थांबता आलं आसतं."

मी म्हणालो, लोकांसमोर कसं थांबला असतास.

"त्ये न्हाई," तो म्हणाला. "मला लय बरं वाटत हुतं. आबा उठल्यालं दिसलं, तरीबी बरंच वाटत हुतं. तसं मला परत कवा वाटलं न्हाई."

मग त्यानं सांगितलं. त्या रात्री तो होस्टेलवर न थांबता मिरजेला घरी गेला होता. सकाळी आबा ड्यूटीवर निघताना बूट घालत बसले होते, तेव्हा वर न बघता विचारलं, "वाजीवताना बरं वाटलं का रं?" खोटं बोलणं त्याला जमलं नाही. तो व्हय म्हणाला. आबांनी दुसरा बूट घातला, नाडी बांधली, आणि उठता उठता म्हणाले, "मलाबी वाटायचं."

"एवढंच," तो म्हणाला. "तरीबी त्येंनी सोडली. मग सांग, मी कसा वाजवणार?"

त्याची गाडी लागली, त्यानं गठ्ठा उचलला, आणि मी त्याला गाडीच्या दारापर्यंत पोचवायला गेलो.