सोमाजीची येडी

एकोडी ओलांडलं की आमचं गाव लागतं, आणि आमच्या गावात सोमाजी राहतो. साकोली तालुक्यातल्या कुठल्याही मंडईत नुसतं 'सोमाजी' म्हणा, कोणी आडनाव विचारणार नाही. दिवाळी सरली की आमच्याकडे गावोगावी मंडईची जत्रा भरते. लेकीबाळी माहेरी येतात, पाहुण्यांनी घरं भरतात आणि भर दुपारी मैदानात दंडारीचं नाटक उभं राहतं. दंडारीत बायांची कामं पुरुषच करतात. सोमाजी लुगडं नेसून यायचा आणि येडी व्हायचा. राजा कोण झाला, प्रधान कोण झाला, हे घरी जाईपर्यंत कोणाच्या लक्षात राहत नसे. लोक थांबत ते येडीसाठी.

येडी पदराचं टोक दातात धरून यायची. डावा तळहात तोंडासमोर धरून, आरशात पाहावं तसं त्यात पाहत केस सारखे करायची. मग पुढे बसलेल्या एखाद्या मिशाळ माणसाजवळ जायची आणि विचारायची, "आली का गा गाडी?" बस, एवढंच. राजाचा दरबार चालू असो की लढाई जुंपलेली असो, येडी मध्येच घुसून हेच विचारी, आणि माणसं पोट धरून लोळत. पुढे पुढे एसटीला उशीर झाला तरी रोडवर उभे असलेले लोक एकमेकांना तेच विचारू लागले. तुमसरकडच्या मंडयांमधूनही सोमाजीला बोलावणी येऊ लागली.

मला हे लिहिताना हसू येत नाही, ते आधीच सांगून टाकतो. कारण ती येडी सोमाजीनं मनानं रचलेली नव्हती. ती त्याच्या घरातली होती, आणि हे साऱ्या गावाला ठाऊक होतं.

सत्यभामा ही सोमाजीची थोरली बहीण. तिला पवनी तालुक्यातल्या आसगावला दिली होती. दुसऱ्या बाळंतपणानंतर तिचं मन बिघडलं. सासरच्यांनी भगत केला, अंगारा केला, दोरे बांधले. शेवटी 'बरी झाली की नेऊ' म्हणून तिला माहेरी आणून सोडलं आणि दोन्ही लेकरं ठेवून घेतली. न्यायला कोणी आलं नाही. सत्यभामा घरामागच्या वाडीत, म्हणजे आमच्या बोलीत सांदवाडीत, दिवसभर बसायची. आसगावच्या गाडीनं पोरं येतील म्हणून सारखी वेणीफणी करायची. आरसा तिच्या हाती द्यायची घरच्यांना भीती वाटे, म्हणून ती तळहातातच पाहायची. जो दिसेल त्याला विचारायची, आली का गा गाडी?

सोमाजी माणूस वाईट होता असं मी म्हणणार नाही. बहिणीला वाढल्याशिवाय तो कधी जेवला नाही. 'बांधून ठेव' असं सुचवणाऱ्या एका शहाण्याला त्यानं अंगणातूनच परत पाठवलं होतं. पण नकला करणाऱ्याचा देह मोठा निर्लज्ज असतो. जे दिसेल ते अंगात शिरतं आणि चार माणसं समोर दिसली की बाहेर येतं. एका मंडईत सहज म्हणून त्यानं तळहात तोंडासमोर धरला. मैदान हसलं. मग काय, वाघाच्या तोंडाला रक्त लागलं.

त्याची बायको गिरजाबाई तेवढी बोलायची. "घरची अब्रू मैदानात मांडून राहिले तुमी," ती म्हणे.

"दंडारीतलं कोनी मनाले लावून घेते का?" तो उत्तर देई.

आता हे खरं आहे. आमच्याकडची रीतच तशी आहे. दंडारीत ज्याची टिंगल होते त्यानं समोर बसून हसायचं असतं आणि वर खुशीनं बक्षीसही द्यायचं असतं. आमचे सरपंच वासुदेवराव यांच्या पोटाची दर वर्षी टिंगल होते आणि ते दर वर्षी पहिल्या रांगेत बसून पोट हलवत हसतात. टिंगल झाली नाही तर उलट रुसतील. सोमाजीनं ही रीत बहिणीलाही लावली. फक्त एक गोष्ट तो सोयीनं विसरला. वासुदेवराव पहिल्या रांगेत असत, आणि सत्यभामा पाहुण्यांना दिसू नये म्हणून त्या दिवशी सांदवाडीत, बाहेरून कडी लावून ठेवलेली असे.

मग साकोलीहून मोनिका आली. तिचा एक पाय जन्मापासून अधू आहे, आणि तीन चाकांच्या स्कूटरवर ती गावोगाव दिव्यांगांच्या हक्काचा कायदा सांगत फिरते. सोमाजीच्या दारात येऊन तिनं विचारलं, "घरी कोनी दिव्यांग हाये का भाऊ?"

"नाही," सोमाजी म्हणाला.

"हाये," आतून गिरजाबाई म्हणाली.

मनाचा आजारही त्या कायद्यात बसतो हे आमच्या गावाला तेव्हा कळलं. मोनिकानं सांगितलं की दुसरा एक कायदा नुसता मनाच्या आजारासाठी आहे, आणि अंगाच्या आजाराला जसा सरकारी इलाज मिळतो तसा मनाच्या आजारालाही मिळणं हा माणसाचा हक्क आहे. सोमाजीनं मान डोलावली. ते काही कायदा पटला म्हणून नव्हे, पाहुणी लवकर जावी म्हणून. पण गिरजाबाई नणंदेला घेऊन मोनिकाबरोबर भंडाऱ्याच्या सरकारी दवाखान्यात गेली. गोळ्या सुरू झाल्या. हळूहळू सत्यभामा स्वयंपाकघरात येऊ लागली, धानाच्या रोवण्याला जाऊ लागली, लोकांची नावं घेऊन बोलू लागली. कोणाला गाडी विचारेनाशी झाली. आसगावची लेकरं एव्हाना मिशा फुटलेले बाप्ये झाली होती. त्यांची वाट पाहून उपयोग नाही हे कळणं हेही बरं होण्यातच आलं.

बरी झालेली सत्यभामा घरी बसली नाही. मोनिकाच्या स्कूटरवर मागे बसून तीही गावोगाव जाऊ लागली. कुठे कोणी कोंडलेलं आहे, कुठे कोणाला भगताकडे नेतात, हे तिला दारातून कळायचं. ज्याचं जळतं त्याला कळतं. बायांना ती सांगे, "मी बी अशीच होतो. लपवू नका." आणि त्याच दिवाळीत तिचा भाऊ पुन्हा लुगडं नेसून मैदानात उतरला. आता ती बरी आहे तर कोणाला लागणार, असा त्याचा हिशोब. सत्यभामाला मंडईचा धसकाच बसला होता. ती त्या दिवशी आपण होऊन घरी राहायची. तिच्यासमोर रोडवरही कोणी तो गाडीचा विषय काढत नसे, त्यामुळे साऱ्या मुलखाला जे माहीत होतं, ते तिला एकटीला माहीत नव्हतं.

मोनिकाचं म्हणणं पडलं की प्रत्येक ग्रामसभेनं ठराव करावा: मनाच्या आजाराची माणसं दिव्यांगांत धरावी, आणि त्यांच्या गोळ्या जवळच्या आरोग्य केंद्रात मिळाव्यात. गावागावांचे ठराव गोळा झाले की ते वर न्यायचे. आमच्या गावात बोलायला कोण उभं राहणार? सत्यभामा म्हणाली, मी.

ग्रामसभेला त्या दिवशी कधी नव्हे एवढी माणसं होती. बाया एका बाजूला, बाप्ये एका बाजूला, आणि सोमाजी दाराजवळच्या खांबाला टेकून. सत्यभामा उठली. एकेक शब्द स्पष्ट उच्चारत ती बोलू लागली.

"मी सत्यभामा. मले मनाचा आजार हाये. गोळ्या घेतो तं बरी राहतो. गोळ्या भंडाऱ्याले भेटतेत. त्याच्यासाठी रोजी बुडवून सकाळीच रोडवर जाऊन उभी राहतो. कधी गाडी येते, कधी..."

बाप्यांच्या बाजूनं कोणीतरी फिसकन हसलं. सत्यभामा गांगरली आणि जुन्या सवयीनं तिच्या पदराचं टोक दातांत गेलं. तेवढं पुरे झालं. मागून एक जण बायकी आवाज काढून म्हणाला, "आली का गा गाडी?"

सभेत हशा फुटला. वासुदेवरावांनाही हसू आलं आणि ते लपवायला ते खोकले. मोनिका भांबावून इकडे तिकडे पाहत राहिली. सत्यभामा हसू ओसरेपर्यंत थांबली.

"हे तुमाले कोनं सांगतलं?" तिनं विचारलं. रागानं नाही; तिला खरंच कळलं नव्हतं. "हे तं मी घरी म्हनत होतो. सांदवाडीत. माझे लेकरं येतीन म्हनून."

माणसाच्या डोळ्यांना काही लपवता येत नाही. एकेक करून सारे डोळे दाराजवळच्या खांबाकडे वळले, आणि त्यांच्यामागून तिचेही वळले.

हजार माणसांपुढे ज्याची जीभ कधी अडखळली नाही तो सोमाजी खांबाआड सरकला. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते मी त्या दिवशी त्याच्या तोंडावर पाहिलं. तो बहिणीसाठी दोन शब्द बोलेल, निदान हात जोडेल, असं वाटलं होतं. तो उठला आणि दारातून बाहेर निघून गेला.

"पुढचा इषय घ्या," वासुदेवराव पुटपुटले.

सत्यभामानं पदर दातांतून काढून कमरेला खोचला. "माझं सांगून झालं नाही अजून," ती म्हणाली, आणि उरलेलं सारं तिनं सांगितलं. कोंडून ठेवणं सांगितलं, अंगारा सांगितला, कायद्यात काय लिहिलंय ते सांगितलं. मग हात वर झाले. कायदा समजून वर गेलेले हात थोडे, बाकीचे शरमेनं गेलेले. माना खाली आणि हात वर, अशी ग्रामसभा मी कधी पाहिली नव्हती. ठराव मंजूर झाला.

सोमाजी तलावाच्या पाळीवर बसून राहिला होता. दिवस मावळताना घरी आला तेव्हा सत्यभामा सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. तो तिच्या पायांवर पडायला गेला. तिनं पाय मागे घेतले.

"पाया पडू नोको. असं दंडारीत पडतेत."

"चुकलो मी, बाई."

"माझे पोरं माझ्यापासून तोडले होते. मी त्याहिची वाट पाहत होतो. त्याच्यात हसन्यासारखं काय होतं, तेवढं मले सांग."

सोमाजी रडू लागला. तिनं त्याला रडू दिलं. गिरजाबाई चुलीपुढून उठली नाही.

"कोनकोन्या गावाले करून दाखवलं?" सत्यभामानं विचारलं.

"लय गावं झाले, बाई. सांगता नाही यायचे."

"आठवतीन तेवढे आठव. त्या साऱ्या गावाले चाल माझ्यासंगं. काय केलं ते तूच सांग. मोनिका म्हनते, आमाले ऐकाले मानसं येत नाही. तुले पाहाले येतेत."

त्यापेक्षा तिनं दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं, असं तो नंतर मला म्हणाला. त्यानं दंडार सोडली. लुगडं, बांगड्या, गंगावन, सारं मंडळींना देऊन टाकलं. ते सोपं होतं. गावोगाव जाऊन तोंड दाखवणं तेवढं जीवावर येत होतं.

पहिलंच गाव निघालं ते, जिथे त्याची येडी सगळ्यात गाजली होती. मीही बरोबर होतो. सोमाजी येणार म्हणताच शाळेचं पटांगण भरलं. मोनिका बोलली, लोकांनी चुळबुळत ऐकलं. मग सोमाजी उठला, साधा सदरा, पायजमा, हात जोडलेले. त्यानं तोंड उघडायच्या आत हशा पिकला.

"मी मंडईत जे येडी करत होतो," तो म्हणाला, "ते माझी सख्खी बहीन होय."

लोक खदखदून हसले. कोणी शिट्टी मारली.

"ते आपल्या लेकरांची वाट पाहत होती. आन मी तिची नक्कल करून..."

टाळ्या पडल्या. तो थांबला, त्यानं लोकांना हातानं शांत व्हायला सांगितलं, आणि त्या हाताच्या हालचालीवर आणखी हशा झाला. त्यानं खाली पाहिलं तर तेही लोकांना गमतीचं वाटलं. शेवटी त्याच्या डोळ्यांतून खरंच पाणी वाहू लागलं, तेव्हा माझ्या शेजारचा म्हातारा कौतुकानं म्हणाला, "रडाचं काम बी लय साजरं करते बाप्पा."

सोमाजी असहाय होऊन बहिणीकडे पाहू लागला. या वेळी तो निघून गेला नाही, तेवढं मी त्याच्या बाजूनं सांगतो.

सत्यभामा उठून त्याच्याशेजारी जाऊन उभी राहिली.

"हसू नोका," ती म्हणाली. "हा माझा भाऊ होय. याचं डोकं ठिकाणावर हाये. खरं सांगून राहिला हा."