जोह्याच्या देवाचा दुसरा डोळा

गणपतीच्या आदल्या दिवशी सकाळी ठाण्याहून निघाले तेव्हा माझ्या विजेच्या गाडीची बॅटरी जेमतेम पाऊण भरलेली होती. सोसायटीत अशा गाड्या चार आणि चार्जिंगचा प्लग एक, त्यामुळे माझा नंबर लागला तोही अर्धवट. त्यात रोह्याहून दादाचा, म्हणजे माझ्या मोठ्या भावाचा फोन. "त्या खेळण्यातून देव आणणार? त्यापेक्षा मी टेम्पो सांगतो." मी म्हटलं, आणते म्हणजे आणते. तोऱ्यात बोलले खरी, पण फोन ठेवल्यावर बॅटरीचा आकडा पुन्हा एकदा बघितला.

आमच्या घरचा रिवाज असा, की दादा आषाढात पेणजवळच्या जोह्याला, मूर्तिकारांच्या गावी जाऊन घरचा लाकडी पाट मूर्तिकाराकडे ठेवून येतो. पाट दिला म्हणजे देव सांगितला. त्याच पाटावर मूर्ती बसवतात आणि त्याच पाटावरून ती घरी येते. यंदा पाट देऊन आल्यावर दादाचा गुडघा धरला, म्हणून देव आणायचं काम माझ्याकडे आलं.

पनवेलच्या पुढे चार्जरवर कोकणात निघालेल्या गाड्यांची ही रांग लागलेली. वाट बघण्यात दुपार गेली असती, म्हणून तशीच पुढे निघाले आणि हमरापूरच्या फाट्याला जोह्याकडे वळले. दोन्ही बाजूंना गुडघाभर भात, मध्ये निळ्या प्लास्टिकने शाकारलेले कारखाने आणि आत गणपतीच गणपती. बसलेले, लोडाला टेकलेले, अजून रंग न लागलेले पांढरेशुभ्र. देव एवढ्या संख्येने आणि इतके गप्प बसलेले मी कधी पाहिले नव्हते. मी चपला बाहेर काढून आत शिरले.

आमची मूर्ती मूर्तिकार भारतीकाकींकडे. साठीच्या, कपाळाला रंग लागलेला. त्या आखणी (मूर्तीचे डोळे रेखायचं काम) करायला बसल्या होत्या, आणि समोर आमचाच पाट होता. उजवा डोळा पुरा होत आलेला. इवल्याशा काळ्या बुबुळात पांढरा ठिपका पडला आणि मातीने माझ्याकडे पाहिलं.

तेवढ्यात लाईट गेली.

बाहेर काळं आभाळ, वर निळं प्लास्टिक. भरदुपारी कारखान्यात काळोख झाला. काकी जागच्या हलल्या नाहीत, ब्रश तसाच हातात.

"आता गो?" त्या म्हणाल्या. "एक डोळा उघडलाय. दुसरा उघडल्याबिगर मला उठता येत नाय."

"उठलात तर?"

"तर हा देव घरात द्यायचा नाय. आमच्या सासूनं दिला नाय, मी पन देनार नाय."

बाकीच्या सगळ्या मूर्तींवर कुणाकुणाच्या नावाच्या चिठ्ठ्या होत्या. हा देव गेला तर उद्या आमच्या मखरात काय बसवायचं? मी मोबाइलचा उजेड धरला. काकींनी मान हलवली.

"ब्रशाची सावली पडते बग. दोनी डोळं एकाच उजेडात व्हायला हवं, नायतर देव तिरका बगतो."

कारखान्याच्या इन्व्हर्टरने सकाळीच मान टाकली होती. शेजारचा नरेश खबर घेऊन आला, की वडखळपर्यंत कुठेच लाईट नाही, कुठेतरी झाड पडलंय. आणि मला एकदम डिकीतली केबल आठवली. गाडी घेताना मिळाली होती: एक टोक गाडीला, दुसऱ्या टोकाला घरातल्यासारखा प्लगपॉइंट, म्हणजे गाडीतली वीज बाहेर वापरता येते. लोणच्याची रिकामी बरणी ठेवावी तशी मी ती नुसती ठेवून दिली होती.

काकींच्या दिव्यांची वायर केबलपर्यंत पोचेना म्हणून गाडी मागे घेतली, तर एक चाक शेताच्या चिखलात. नरेशने आणि आणखी दोघांनी ढकलून काढलं. केबल लावली, काही झालं नाही. मग आठवलं, आत पडद्यावरही एक बटण दाबावं लागतं. ते दाबलं आणि काकींच्या डोक्यावरचे दोन्ही दिवे लागले.

ना घरघर, ना धूर. गाडी आपली मुकाट उभी, आणि तिच्या पोटातली वीज देवाच्या तोंडावर पडलेली. काकींनी श्वास रोखला, ब्रश टेकवला. डावा डोळा उघडला. तो उजव्याचा सख्खा भाऊ होता. मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही.

मी केबल काढायला गेले तर नरेश दारात. "ताई, आमच्यात पन रंग ओला हाय. उद्या देव कसं जातील?" रोहा अजून लांब होतं. पण नाही म्हणायला जीभ रेटेना. मग त्याची वायर आली, पंखे आले, रंग सुकवायचे हॅलोजन आले. दोन दिव्यांनी बॅटरीचं काहीच बिघडलं नव्हतं, हॅलोजनने मात्र आकडा भराभर उतरायला लागला. मी तिकडे बघायचं सोडून काकींनी दिलेला कोरा चहा प्यायले.

निघाले तेव्हा पडद्यावरचा हिशेब रोह्याला पुरेल न पुरेल असा होता. देव शेजारच्या सीटवर, तोंडावर रुमाल, कमरेला बेल्ट. पेणला थांबून दादासाठी पोह्याचे पापड घेतले. वडखळच्या हॉटेलातला चार्जर लाईट नसल्याने मुका. एसी बंद करून, काचा खाली घेऊन, कासूची खाचरं मागे टाकत मी बैलगाडीच्या चालीने नागोठण्याला पोचले. पुढे भिसे खिंडीचा चढ. आकडा असा घसरला की मी शेजारच्या रुमालाकडे बघून म्हटलं, आता तुझं तू बघ.

खिंड संपली, उतार लागला. पायाखालचं पेडल सोडलं, आणि आकडा हळूहळू चढू लागला. उतारावर गाडी स्वतःच वीज भरून घेते हे मी ऐकलं होतं, पण त्या दिवशी ते डोळ्यांनी पाहिलं. चढाने घेतलेलं सगळं नाही, पण थोडं उताराने परत दिलं. तेवढ्यावर रोहा गाठलं.

दादा लंगडत दारात आला. वहिनीने भाकरतुकडा ओवाळून टाकला, रुमाल काढला. दादाने वाकून मूर्तीचे दोन्ही डोळे पाहिले. मग म्हणाला, "नजर सरळ आहे." पुढचे पाच दिवस त्याच्या पाणी तापवायच्या प्लगवर खेळणं चार्ज होत होतं, आणि किती भरली ते तोच बघून सांगत होता.

विसर्जन झाल्यावर परतताना जोह्याला थांबले. कारखाना रिकामा, जमिनीवर रंगाचे डाग. काकींनी बसायला दिलं आणि विचारलं, "ही बॅटरी म्हातारी झाली की काय करतात?"

मी ऐकलेलं सांगितलं: गाडी ओढायला थकली, तरी दिवे-पंखे चालवण्याइतका जीव तिच्यात बरीच वर्षं राहतो.

काकी आत गेल्या आणि एक लहानसा कोरा पाट घेऊन आल्या. पदराने पुसून माझ्या हातात दिला.

"तुमाला देव हवा असला की तुमी पाट आनून देता. मला ती बॅटरी हवी. ह्यो माझा पाट."

एवढे दिवस ही गाडी किती धावेल याचीच मला काळजी. थांबल्यावर तिला कुठे जायचंय हे आता ठरलं होतं. पाट मी देवाच्या सीटवर ठेवला, त्याला बेल्ट लावला आणि ठाण्याला निघाले.