एकशे दहा सेकंदांची मशाल

नकाशाच्या कडेला माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: मशाल, ११० सेकंद. मनगटी घड्याळ लावून तीन वेळा मोजलं होतं, तिन्ही वेळा ११० भरलं होतं. बारा वर्षांनी त्या एका आकड्यावरून मी अख्खा कॉम्प्युटर पुन्हा जुळवला.

१९९३ साली आक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, कोल्हापुरात एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये कॉम्प्युटर शिकवायची. रविवारी क्लास बंद असायचा, पण किल्ली तिच्याकडे असायची. चपला दाराबाहेर काढून आम्ही आत बसायचो आणि एक साहसाचा गेम खेळायचो. ओसाड बेट, बंद पडलेलं दीपगृह, त्याच्या पोटात गुहा. काय करायचं ते इंग्रजीत टाइप करावं लागे: दार उघड, दोरी घे, उत्तरेला जा. टायपिंग आक्काचं. चौकटीच्या कागदावर नकाशा माझा, एक चौकट म्हणजे एक खोली. सगळ्यात शेवटी दोरीचा पूल होता. मशाल विझायच्या आत तो ओलांडायचा.

आम्ही पुलापर्यंत पोचलो आणि आक्काचं लग्न ठरलं. शेवटच्या रविवारी अकरा वेळा पुलावरून पडलो. मग तिनं खेळ होता त्या जागी एका सव्वापाच इंची फ्लॉपीवर साठवला, लेबलवर ‘शेवटचा पूल’ लिहिलं आणि फ्लॉपी माझ्या हातात दिली.

“माझ्याशिवाय उघडलीस तर बघ.”

ती निपाणीला गेली. फ्लॉपी नकाशासकट कपाटात गेली. मी ती उघडली नाही.

२००५ साली घरी नवा कॉम्प्युटर आला. एका मित्राकडून तोच गेम सीडीवर मिळाला. पहिल्याच गुहेत मशाल लागते, ती पेटवली. दीड सेकंदात विझली. हा गेम वेळ मोजतो तो यंत्राच्या वेगावर, आणि नवं यंत्र भलतंच वेगवान. वेग मुद्दाम कमी करणारा एक प्रोग्राम लावून पाहिला. मशाल एकदा ७० सेकंद टिकली, एकदा १६०. हे मला चालणारं नव्हतं. जुन्या जातीचाच कॉम्प्युटर जुळवायचा ठरवलं आणि निपाणीला फोन केला.

“दसऱ्याला येते,” आक्का म्हणाली. “पण एकच दिवस. संध्याकाळी सहाची एस.टी. गाठायला पायजे.”

हातात सात आठवडे होते. राजारामपुरीतल्या एका रिपेअरवाल्याच्या माळ्यावर ३८६ या जुन्या जातीच्या कॉम्प्युटरचा बोर्ड मिळाला, वेग ३३ मेगाहर्ट्झ. चार एमबी मेमरीसाठी सात पट्ट्या तपासल्या, त्यातल्या चार चालल्या. फ्लॉपी ड्राइव्ह मिळाला तो समोर उघडी फट आणि खटका असलेला, क्लासात होता तसाच. सगळं जोडून मशाल पेटवली आणि घड्याळ लावलं. ८३ सेकंद.

मी कागद ओढला. ३३ गुणिले ८३, २७३९. त्याला ११०नं भागलं, २४.९. म्हणजे क्लासातलं यंत्र २५चं होतं! बारा वर्षांपूर्वीच्या यंत्राचा वेग नकाशाच्या कडेवरच्या आकड्यानं सांगितला. रिपेअरवाल्यानं बोर्डावरचा वेग ठरवणारा नखाएवढा भाग बदलून दिला. घरी येऊन पुन्हा मोजलं.

“एकशे दहा!” मी ओरडलो.

स्वयंपाकघरातून बायको बाहेर आली. “अहो, ताप आलाय का? एकशे दहा म्हणजे थर्मामीटर फुटला असता.”

त्याच संध्याकाळी आक्काला फोनवर सांगितलं, समुद्र काय निळाशार दिसतोय म्हणून.

“निळा? आपला समुद्र काळा होता की रं!”

खरंच की. क्लासातला मॉनिटर ब्लॅक अँड व्हाइट होता. त्याच्यासाठी तीन रविवार भंगाराची दुकानं पालथी घातली. शेवटी पेठ वडगावात एक सापडला. दुकानदारानं आधीच बजावलं, “पावणं, ह्यात रंग न्हाईत बगा. मागनं तक्रार चालायची न्हाय.”

“रंग नकोच आहेत मला.”

त्यानं मला खालवर न्याहाळलं. “मग तुमच्यासाठीच ठेवलाय की त्यो!”

खंडेनवमीला सगळं तयार होतं. साध्या फ्लॉप्या मी तीस वेळा वाचून पाहिल्या होत्या, तीसही वेळा बरोबर. आक्काच्या फ्लॉपीची आधी प्रत काढून ठेवावी असं मनात आलं होतं, पण तिच्याशिवाय ती उघडायची नव्हती. आमच्या घरी खंडेनवमीला यंत्रांची पूजा असते. स्कूटर आणि शिलाई मशीनच्या शेजारी यंदा कॉम्प्युटर मांडला. हळद-कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, मूठभर अक्षता वाहिल्या.

दसऱ्याला दुपारी एक वाजता आक्का आली. चहासुद्धा नको म्हणाली. मॉनिटर बघून खूश झाली आणि डाव्या खुर्चीवर बसली, तिची जागा तीच. मी कपाटातून फ्लॉपी आणली, तिनं स्वतः आत सारली, खटका लावला.

खर्र. खर्र. पडद्यावर उत्तर आलं: वाचता येत नाही. पुन्हा प्रयत्न, पुन्हा खर्र. पाच वेळा.

“गेली,” आक्का हळूच म्हणाली. “बुरशी धरली असणार.”

तिचा चेहरा मला बघवेना. त्या फ्लॉपीची दुसरी प्रत जगात नव्हती. काहीतरी करायचं म्हणून तपासणीची साधी फ्लॉपी घातली. तीही वाचेना! मग मात्र मी उडालोच. कालपर्यंत ती तीस वेळा वाचली होती. म्हणजे दोष ड्राइव्हचा, आक्काच्या फ्लॉपीचा नव्हे. स्क्रू काढले, झाकण उचललं. वाचणारं हेड ज्या दांडीवरून सरकतं, त्या दांडीला कुंकवानं लाल झालेला तांदळाचा दाणा अडकला होता.

आक्कानं तो चिमटीत धरला. “ही अक्षता कुणी टाकली?”

“माझ्याकडे बघू नका, वन्सं,” बायको दारातून म्हणाली. “मी नुसतं निरांजन ओवाळलं. मूठ ह्यांची.”

“तीस येळा तपासलंस आणि मग तूच तांदूळ चारलास व्हय त्याला!”

आत एकूण तीन दाणे निघाले. कापसाला स्पिरिट लावून हेड पुसलं, फ्लॉपी परत घातली. ड्राइव्ह गुपचूप फिरला आणि काळ्या समुद्रावरचा तो पूल समोर आला. आक्कानं माझा दंड एवढ्या जोरात दाबला की खूण दुसऱ्या दिवशीही होती.

पहिल्या खेपेला पडलो. दुसऱ्यालाही. दोन्ही वेळा पलीकडची कड दिसत असताना. तेव्हा माझ्या लक्षात आलं, मशाल मोजली होती, पाऊल कधी मोजलंच नव्हतं. घड्याळ लावलं. एका पावलाला आठ सेकंद. नकाशावर पूल चौदा पावलांचा.

“आक्का, चौदा आठे एकशे बारा. मशाल एकशे दहा. आपण जन्मभर दोन सेकंदांनी पडणार.”

तिनं कीबोर्ड पुढं ओढला. “मग काठावरच कशाला पेटवायची? पहिलं पाऊल अंधारात टाकू की.”

तिनं मशाल न पेटवता उत्तरेला जा असं टाइप केलं. पूल हलला, पण आम्ही पडलो नाही. मग मशाल. तेरा आठे एकशे चार. मी मोठ्यानं मोजत होतो, बायकोही मोजायला लागली. एकशे चारला आम्ही पलीकडे होतो, मशाल सहा सेकंद शिल्लक. दीपगृहाचा दिवा लागला आणि आम्ही तिघंही ओरडलो.

शेवटच्या पडद्यावर गुण आले: ३५०पैकी ३४१. मी ते नकाशावर ११०च्या खाली लिहिले. साडेचार वाजले होते. मी सहाच्या एस.टी.ची आठवण केली.

आक्कानं फोन ओढला आणि निपाणीला लावला. “अहो, मी उद्या येते,” ती म्हणाली. “न्हाय, सगळं बरं हाय. नऊ मार्क राहिल्यात.”