भूमितीचं एकच पुस्तक
ट्रंकेतल्या कपड्यांतून कडुलिंबाच्या वाळल्या पाल्याचा वास आला की मला पाथरीच्या शाळेतलं पुस्तकांचं कपाट आठवतं. निजामाचं राज्य गेलं आणि शाळा उर्दूची मराठी झाली. मी नवाकोरा मास्तर, भूमिती सगळी उर्दूतून शिकलेला. त्रिकोणाला ‘मुसल्लस’ म्हणणारा हा विद्वान उद्या मराठीतून काय शिकवणार? पोरं हसतील, नोकरीही जाईल, या धास्तीनं मधल्या सुट्टीत मी ग्रंथालयाच्या खोलीत शिरलो. पुस्तकं सांभाळणारे गुरुजी म्हणाले, “मराठी भूमितीचं एकच पुस्तक हाय, ते बी सकाळधरनं अडकलंय.” “कुणाकडं?” त्यांनी नुसतं कपाटामागं बोट दाखवलं. ज्यांच्या नुसत्या खाकरण्यानं शाळा चिडीचूप व्हायची, ते आमचे हेडमास्तर तिथं डोळे मिटून “काटकोन, लघुकोन” घोकत बसलेले. मला बघून आधी दचकले, मग बाकावर जरा सरकले. “या मास्तर, बसा तुमीबी. दार तेवढं लोटून घ्या, पोरं बघायलीत.” मी दार लोटलं आणि त्यांच्याशेजारी बसून ‘काटकोन, लघुकोन’ घोकू लागलो. पुढं पुष्कळ जाणत्या माणसांशेजारी बसलो, पण इतकं हलकं कुणाशेजारी वाटलं नाही.