जवळ्याची पुडी

"कॉफी-बिफी याला काय कळणार? याच्या घरचा वास आणा."

साहेब असं म्हणाले आणि केबिनमधले सगळे हसले. मीही हसलो. माझं हसू हे असंच. ज्याच्यावर हसतात त्याला सोडून हसणाऱ्यांच्या पंगतीत जाऊन बसतं.

बोईसरच्या एमआयडीसीतला रंगाच्या पावडरीचा कारखाना. थंडगार केबिन. एका खुर्चीत विमा कंपनीने पाठवलेला डॉक्टर, दुसरीत आमचे साहेब, दाराशी दोन सुपरवायझर, आणि मधोमध फिरत्या स्टुलावर मी. मी जवळच्याच किनाऱ्यावरच्या नवापूरचा, जातीचा कोळी, म्हणून साहेबांनी माझं नाव बोंबील ठेवलं होतं. "ए बोंबील, इकडे ये." मी यायचो. वर "आलो साहेब" म्हणायचो.

त्या दिवशी प्रश्न माझ्या नाकाचा होता. नाक जागेवर होतं. वास गेला होता. साफ.

माझं काम सांडपाण्याच्या टाक्यांवर. भरती करताना एकच गोष्ट शिकवली होती: सडक्या अंड्याचा वास आला की पळायचं. तो गॅस माणसाला उभ्या जागी झोपवतो. पण तोच गॅस रोज थोडा थोडा नाकात गेला की नाकालाच मारतो, हे शिकवणीत नव्हतं. गॅस मोजायचं यंत्र होतं, पण खराब होईल म्हणून सुपरवायझरच्या कपाटात. तेव्हा आमचं यंत्र म्हणजे आमचं नाक. आणि ते बंद पडलं होतं.

मी तक्रार केली. मला टाक्यांवरून हलवा, आणि हे इथल्या कामानं झालंय असं मान्य करा, एवढंच माझं म्हणणं. कंपनीने कामगारांच्या इजेचा विमा काढलेला. म्हणजे ठरवणार विमावाले. म्हणून हा डॉक्टर.

त्याने पहिलाच प्रश्न टाकला, "इथे लागलास तेव्हा वास येत होता, याला पुरावा काय?"

"साहेब, नाक घेऊनच आलो होतो."

"ते दिसतंय. पुरावा काय?"

पुरावा नव्हता. दर वर्षी तपासणीची गाडी यायची. वजन बघायचे, डोळे बघायचे, दंडाला पट्टा बांधून रक्तदाब बघायचे. नाकाची चौकशी कुणी केली नव्हती. जे नाक कंपनीच्या कागदावर कधी आलंच नाही, ते जाणार कुठून?

"तंबाखू?"

"मळतो."

"घरी काय धंदा?"

"आय सुकी मासळी विकते."

डॉक्टरने साहेबांकडे पाहिलं. साहेब म्हणाले, "बघा. यांची नाकं पाळण्यातच मेलेली असतात."

तेव्हाच उठायला हवं होतं. मी काय केलं? स्टूल फिरतं होतं, तर थोडा गरगर फिरलो.

मग डॉक्टरने बाटल्या काढल्या. माझे डोळे उघडेच, बाटल्यांना कागद गुंडाळलेला; आत कॉफी, लवंग असलं काहीतरी. पहिली. "काही नाही." दुसरी. "काही नाही." तिसरी. "काही नाही." खरं तेच सांगत होतो. जन्मात पहिल्यांदा नापास होण्यासाठी परीक्षेला बसलो होतो आणि पेपर चांगला चालला होता.

तेवढ्यात साहेबांना ती घरच्या वासाची लहर आली. शिपाई फाटकाबाहेर बसणाऱ्या मासळीवाल्या बायकांकडे पळाला.

इथे माझी एक खोड सांगायला हवी. आय अंगणात मासळी सुकवते. भरण्याआधी एकेक मूठ माझ्या नाकाखाली धरते. "हुंग रे. दमट तर नाय ना?" आमच्यात मासळीचा वास न कळणं म्हणजे आंधळ्याने होडी हाकणं. वास गेल्यापासून मी तिला सांगितलंच नव्हतं. मी तिचं तोंड बघायचो. कपाळाला आठी असली की म्हणायचो, "अजून एक ऊन दे." आठी नसली की, "बरी हाय." आय खूश. "माज्या पोराचं नाक लाखात एक!" नाक गेल्यावर माझ्या नाकाची कीर्ती वाढली होती.

शिपाई आला. कागदाची पुडी डॉक्टरने माझ्या नाकाखाली धरली. बंदच. मला काही म्हणता काही वास आला नाही. आत नुसती हवा असती तरी एवढंच कळलं असतं.

पण डोळे चालू होते. साहेबांनी रुमाल नाकाला लावला. सुपरवायझरांनी लावले. एकाने खिडकी उघडली. शिपाई तोंड फिरवून हसत होता. "सांग ना रे बोंबील," साहेब रुमालातून म्हणाले. "आईचा वास पण ओळखत नाहीस?"

आईचा वास.

डोक्यात काहीतरी तडकलं. पुडी एवढीशी, बोंबील असते तर शेपट्या बाहेर आल्या असत्या. आणि अशा माणसांच्या शिपायाला आमच्या बायका कधी चांगला माल देत नाहीत. मी ताठ बसलो आणि म्हणालो, "जवळा. सुका. पण दमट राह्यलाय. फसवलंय तुमाला."

पुडी उघडली. तांदळाच्या दाण्याएवढी सुकी कोलंबी. जवळा. डॉक्टरने चिमटीत धरून दाबला. दमट.

क्षणभर मी जिंकलो होतो. कोळ्याची इज्जत राखली होती. मग डॉक्टरचं पेन चाललं. "परिचित वास अचूक ओळखतो. वासाची जाण उत्तम. टाक्यांवरील कामास योग्य."

"साहेब, नाय ओ! मी अंदाज सांगितला. तुमची तोंडं बघून!"

"मग कॉफीला का नाही अंदाज सांगितलास?" साहेब म्हणाले.

डॉक्टर बाटल्या पिशवीत भरत होता. म्हणाला, "मी समोर दिसलं ते लिहिलं." तो वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त जायचं होतं.

बाहेर टपरीवर रामदुलार होता. बिहारचा. टाक्यांवर माझा जोडीदार. सगळं ऐकून तो चहा सांडेपर्यंत हसला. "अरे भाई, तू फेल होने गया था, पास होके आ गया!"

मग हसायचा थांबला. ग्लास खाली ठेवला.

"एक बात बोलूँ? मेरा भी गया है. पिछली गर्मी से."

"बोललास का नाही?"

"बोलता तो निकाल देते. मैं तो तेरे भरोसे खड़ा रहता था."

आणि मी त्याच्या भरवशावर उभा राहायचो. त्याचा चेहरा बघून. तो माझा बघायचा. टाकीच्या काठावर दोन माणसं, एकमेकांचं तोंड बघत. गॅस आला असता तर दोघांनी एकमेकांना "बरं हाय" असं सांगितलं असतं.

घरी गेलो. आयनं मूठ पुढे केली. "हुंग रे."

"आय, मला वास येत नाय."

"सर्दी झाली?"

"नाय. कारखान्यानं नेला. येनार नाय परत."

तिने मूठ स्वतःच्या नाकाशी नेली आणि तिथेच धरून ठेवली, जणू माझ्या वाटचाही वास तिलाच घ्यायचा होता. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

मी तिच्याकडून एक पुडी जवळा मागून घेतला. चांगला, कडक सुकलेला.

आता पाळीच्या वेळेला मी फाटकाबाहेर उभा असतो. आत जात नाही. टाकीवर तर नाहीच. टाक्यांवरच्या माणसाला थांबवतो, माझ्यासारखा तोंडं बघून अंदाज सांगू नये म्हणून त्याचे डोळे पंच्याने बांधतो, पुडी उघडून नाकाखाली धरतो. बरेचजण टाळून आत जातात. पोटं आहेत, मी काय बोलू? वॉचमन रुमाल लावून ओरडतो, "ए बोंबील, घाण हटव!"

पहिला थांबला तो रामदुलार. बांधलेल्या डोळ्यांनी बराच वेळ श्वास घेत राहिला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "कुछ नहीं आ रहा."

आणि डोळ्यांवरचा पंचा सोडून तो आत गेला. टाकीवर. त्याला अडवायला माझ्याकडे काही नव्हतं.

परत तपासणी घ्या, असा डॉक्टरला निरोप पाठवलाय. उत्तर नाही. येईल असं वाटत नाही. आला तर मी त्याच स्टुलावर बसेन, आणि गरगर फिरणार नाही. डोळ्यांवर पट्टी माझी मी बांधेन. पण त्याआधी केबिनमधल्या सगळ्यांनी नाकावरचे रुमाल काढायचे. साहेबांनी पहिला.

तोवर उद्या परत फाटकावर. पुडी ताजी असेल.