नऊ टाचण्या, नऊ भोकं

४ एप्रिल १९८८, सोमवार. आलेली खोकी फोडायची, आतला एकेक भाग यादीशी ताडून बघायचा आणि टेबलावर मांडून ठेवायचा, हे माझं त्या सकाळचं काम.

तालुक्याच्या सहकारी संघात मी स्पेअर पार्टच्या काउंटरवर अकरा वर्षं होते. ऑइल इंजिनच्या रिंगा, बुश, नोझल, पंपाचे फूटव्हॉल्व्ह, गॅस्केट. खोकी फोडायची सवय होती. या खोक्यांत फरक एवढाच, की आतल्या वस्तूंना ग्रीसचा वास नव्हता. तो संघाचा पहिला कॉम्प्युटर होता आणि सुट्या भागांत आला होता.

सलग तिसऱ्या वर्षी पाऊस गेला होता. गावोगावच्या जनावरांच्या छावण्यांचा चारा संघामार्फत वाटला जायचा. चाऱ्याच्या कार्डांच्या याद्या हातानं लिहून तीन कारकुनांची बोटं वाकली होती. त्यात चेअरमननी कुठल्याशा साखर कारखान्यात कॉम्प्युटर पाहिला. कंपनीच्या तयार मशीनची किंमत ऐकून ते म्हणाले, "आपण इंजिन येगळं, पंप येगळा, पाईप येगळा घेऊन हिरीवर बसवतो का न्हाय? तसंच हे बी जोडून घ्यायचं." संचालक मंडळानं पस्तीस हजार मंजूर केले आणि यादी करायचं काम माझ्याकडे आलं, कारण सुटे भाग म्हटले की माझं काउंटर.

त्या कामाचा मला मोबदला नव्हता. मी रोजंदारीवर होते. रोजंदारी म्हणजे घरी राहिलं की खाडा. गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं तेव्हा एकवीस दिवसांचा खाडा पडला. माझ्या मागून आलेले चारजण कायम झाले, एकाला तर माझ्यासमोर नोझल आणि नॉनरिटर्न व्हॉल्व्ह यातला फरक कळत नव्हता. कारण मला माहीत होतं आणि त्यांनाही. आमच्या घरानं छप्पन्न साली धर्म बदलला तरी संघात माझा चहा काचेच्या ग्लासातच यायचा. तो ग्लास खिडकीत असायचा आणि मीच धुवायचा असायचा.

यादीसाठी मी दोन रविवार सोलापूरला गेले. तिथल्या एका दुकानात कॉम्प्युटर जोडून देणारा एक मेकॅनिक होता. पहिल्या रविवारी त्यानं मला टाळलं. दुसऱ्या रविवारी मी सकाळपासून त्याच्या बाकावर बसून राहिले, तेव्हा कंटाळून बोलायला लागला. माझं इंग्रजी जुन्या मॅट्रिकचं, पण खोक्यावरचं वाचण्यापुरतं होतं. कुठल्या पेटीत कुठल्या बोर्डाची भोकं जुळतात, पॉवर सप्लाय किती वॅटचा घ्यायचा, मेमरीच्या चिपा कुठल्या तोंडानं बसवायच्या, कीबोर्डच्या पोटाखालचा खटका कुठल्या बाजूला हवा, सगळं लिहून घेतलं. प्लगांची चित्रं काढली.

शेवटी त्यानं फळीवरचा एक मॉनिटर दाखवला. मागच्या जाळीला तपकिरी डाग होता. "हा बघा," तो म्हणाला. "पडद्याला चित्र पुरवतं ते कार्ड रंगीत, त्याला साधा पडदा लावला. प्लग सारखाच, नऊ पिनांचा. बसतो छान. पण कार्ड सांगतं त्या वेगानं पडदा रेघा मारतो. वेग जुळला नाही की आतला ट्रान्सफॉर्मर जळतो. आधी शिट्टी येते. शिट्टी आली की लगेच बंद केलं तर वाचतो."

मला हे समजायला वेळ लागला नाही. दोन कंपन्यांच्या इंजिनांच्या नोझलला आटे तेच असतात, फवारा वेगळा असतो. नोझल बसतो, इंजिन सुरू होतं, आणि चार दिवसांत पिस्टनला भोक पडतं. माझ्या काउंटरवर असे पिस्टन घेऊन भांडायला येणारे कितीतरी.

मी यादीत लाल शाईनं लिहिलं: कार्ड आणि पडदा एकाच घरचे घ्यावेत.

संघाचा नियम होता, प्रत्येक वस्तूची तीन कोटेशनं मागवायची आणि ज्याचं कमी त्याचं घ्यायचं. पेंड, सुतळी, युरिया, सगळ्याला हाच नियम. कॉम्प्युटरच्या यादीत बारा ओळी होत्या, म्हणून बारा वस्तू झाल्या आणि प्रत्येक ओळ वेगळी मंजूर झाली. पेटी पुण्याची, बोर्ड आणि रंगीत कार्ड हैदराबादचं, पडदा सोलापूरचा, साधा, हिरव्या अक्षरांचा. रंगीत कार्ड त्या हैदराबादवाल्याकडे पडून होतं, म्हणून त्यानं स्वस्त लावलं होतं.

बैठकीत मी उभी राहून सांगितलं. चेअरमन म्हणाले, "बाई, दुकानदार पाव्हणा हाय का तुमचा? एकाच घरचं घ्या म्हणता."

"कुणाच्याही घरचं घ्या. पण दोन्ही एका घरचे घ्या. प्लग बसतो, पर चाल जुळत न्हाय. पडदा जळतो."

एक संचालक पान लावत होते. ते म्हणाले, "म्हणजे कार्डाची आन् पडद्याची पत्रिका बघायची म्हणा की. गुण किती जुळत्यात ओ बाई?"

सगळे हसले. मॅनेजरही.

मग चेअरमननी दाराशी बसलेल्या तरुणाला विचारलं. तो जळकोटचा. बी.कॉम. झालेला, सोलापुरात सहा महिन्यांचा कोर्स करून सर्टिफिकेट घेऊन आलेला. दोन महिन्यांपासून संघात उमेदवारी करत होता. सव्वीस-सत्तावीसचा असेल, नवं लग्न झालेलं. त्यानं वही उघडून पाहिली आणि म्हणाला, "साहेब, दोन्हीकडं नऊ पिना आहेत. बसायला पाहिजे."

"ऐकलं का? नऊ टाचण्या, नऊ भोकं," चेअरमन म्हणाले. "लागलं लगीन. बसा बाई."

त्याच बैठकीत ठरलं की जो मंडळासमोर मशीन चालू करून चाऱ्याची यादी पडद्यावर दाखवेल, त्याला ऑपरेटरची जागा, कायम, स्केलवर. पहिली संधी सर्टिफिकेटवाल्याला. मॅनेजर म्हणाले, "यादी बाईनं केलीय, तिला बी धरा." चेअरमन म्हणाले, "त्याला न्हाय जमलं तर बाई."

तर त्या सोमवारी मी खोकी फोडत होते. अकरा वस्तू बरोबर होत्या. बारावी हातात घेतली. कार्ड पातळ प्लॅस्टिकमध्ये होतं, कागदावर रंगीत असं छापलेलं. शेजारी पडद्याचं खोकं. मी दोन्ही टेबलावर ठेवली, एकाला एक लागून.

जळकोटचा तरुण साडेदहाला आला. येताना हॉटेलातून दोन चहा घेऊन आला, दोन्ही कपबशीत. एक माझ्यापुढे ठेवला. तो कायम असंच करायचा, आल्या दिवसापासून, न बोलता. संघात असं करणारा तो एकटाच. मला मावशी म्हणायचा.

"आज बाबा येणार आहेत," तो म्हणाला. "त्यांचं चारा-कार्ड आपल्याकडंच आहे. दोन बैल छावणीत आहेत. यादीत पहिलं नाव त्यांचंच टाकणार आहे. अक्षर ओळखत नाहीत, पण मी दाखवीन."

"दाखवा," मी म्हटलं.

तो जोडायला बसला. हात स्वच्छ होता त्याचा. स्क्रू आधी सगळे हलके बसवायचे आणि मग एकेक आवळायचा, हे त्याला कुणी न सांगता येत होतं. चिपांची तोंडं बरोबर लावली. कीबोर्डचा खटका त्यानं स्वतः तपासला. दुपारपर्यंत पेटी बंद झाली. प्लग हातात घेऊन त्यानं नऊ पिना बोटानं मोजल्या, लावला, दोन्ही बाजूंचे स्क्रू फिरवले. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मावशी, यादी तुमची आहे. काय राहिलंय का?"

मी एकदा सांगितलं होतं. पत्रिका म्हणून त्याचं हसू झालं होतं, आणि याच माणसानं वहीत बघून बसतंय म्हटलं होतं. पुन्हा सांगितलं असतं तर त्यानं ऐकलं असतं, कारण तो ऐकणारा होता. मग मॅनेजरला सांगून त्यानं कार्ड बदलून आणलं असतं, आठवड्यानं मशीन चालू केलं असतं, आणि मी पुन्हा रिंगा मोजत बसले असते. त्याला दुसरीकडे कुठंही नोकरी मिळाली असती. मला कुठंच मिळणार नव्हती. हे सगळं मी तेव्हा याच क्रमानं विचारात घेतलं. घाईत काही बोलले नाही.

"न्हाय," मी म्हटलं. कपातला चहा संपवला आणि कपबशी धुऊन ठेवली.

त्या दिवसांत दिवसाची वीज तीनला यायची. चारला मंडळ जमलं. त्याचे वडील आले होते, उन्हातून चालून तोंड काळंठिक्कर पडलेलं, हातात नारळ आणि पेढ्यांचा पुडा. पायरीवर नारळ फोडला, पेटीला कुंकू लावलं. चेअरमन खुर्चीत बसून म्हणाले, "हं, करा चालू."

त्यानं बटण दाबलं. पंखा फिरला, फ्लॉपी कर्रकर्र वाजली, एकदा टिक् असा आवाज आला. त्याच्या तोंडावर हसू आलं. मग पडद्यावर तिरक्या हिरव्या रेघा धावायला लागल्या आणि बारीक शिट्टी सुरू झाली.

मी दाराजवळ होते. स्विचबोर्ड माझ्या हाताशी होता. मी हात पदरात घेतले.

त्याला वाटलं चित्र नीट लावायचं राहिलंय. तो मागची कळ फिरवत राहिला, डावीकडे, उजवीकडे. वडील पुढे वाकून विचारत होते, "कुठंय रं माझं नाव? ह्यात हाय का?" शिट्टी वाढली. मग जळक्या वार्निशचा वास आला, जाळीतून धूर निघाला आणि पडदा काळा झाला. तेव्हा मी बटण बंद केलं.

चेअरमननी आधी रुमालानं नाक पुसलं. मग म्हणाले, "सर्टिफिकेट आनलंय का?"

"हो साहेब."

"काढा. वाचा मोठ्यानं. तुमच्या वडलांना वाचता येत न्हाय, त्यांना कळू द्या काय शिकून आलात."

त्यानं पिशवीतून काढलं आणि वाचलं. इंग्रजीत होतं. पहिल्या श्रेणीत उत्तीर्ण, इथपर्यंत आवाज ठीक होता. शेवटी सही-शिक्का राहिला तर चेअरमन म्हणाले, "ते बी वाचा." त्यानं तेही वाचलं. पानवाले संचालक हसले, म्हणून बाकीचेही हसले. वडिलांना वाटलं काही चांगलं असावं, तेही थोडं हसले.

"उद्यापास्नं येऊ नका," चेअरमन म्हणाले.

मॅनेजर हळूच म्हणाले, "बाईनं सांगितलं व्हतं तवा."

चेअरमन माझ्याकडे वळले. "व्हय की. मग आज का गप बसल्या?"

"तुम्ही पत्रिका बघितली होती, साहेब," मी म्हटलं.

क्षणभर मला वाटलं आता माझाही निकाल लागतो. पण ते हसले, मोठ्यानं. "लई बेरकी हाय ही. उद्या तुमी बघा बाई. झालं तर जागा तुमची."

सगळे उठले. त्याच्या वडिलांच्या हातात पेढ्यांचा पुडा तसाच होता. त्यांना तो कुठं ठेवावा ते कळेना. शेवटी माझ्यापुढे धरला. "बाई, वाटून टाका. परत कुठं न्यायचं."

मी पुडा सोडला आणि वाटले. सगळ्यांनी घेतले. खिडकीतल्या ग्लासाची बाई म्हणून कुणी हात मागे घेतला नाही, पेढ्याला ते चाललं. मीही एक खाल्ला.

ऑपरेटरच्या खुर्चीत आज मला नववं वर्ष आहे. खाडा पडत नाही. चहा कपबशीत येतो, आणि ज्यानं पहिल्यांदा दिला त्याच्या हातचा नसतो. त्याचं मला फारसं वाटत नाही. वाटतं ते एवढंच, की तो स्क्रू चांगले आवळायचा. तसा माणूस मला नंतर हाताखाली मिळाला नाही.

पडदा जळला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या सोलापूर गाडीसाठी मी स्टँडवर गेले. रंगीत कार्ड भाकरीच्या फडक्यात गुंडाळून पिशवीत, जळका पडदा काखेत. जळकोटच्या बाजूला तो उभा होता, पत्र्याची ट्रंक आणि गुंडाळलेली गादी घेऊन. माझी गाडी लागली तसा तो रस्ता ओलांडून आला.

"मावशी, जड आहे. द्या."

मी दिला. तो दारातून आत चढला, खिडकीची जागा धरून मला बसवलं, पडदा मांडीवर ठेवला, लोंबणारी वायर गुंडाळून जाळीच्या फटीत खोचली. मग तिथंच उभा राहून विचारलं, "तुम्हाला काल माहीत होतं?"

"होतं."

त्यानं मान हलवली आणि उतरला. कंडक्टरनं घंटी दिली.

सोलापूरला पोचले तेव्हा दुकान उघडायला तास होता. पायरीवर बसून मी भाकरी खाल्ली, हात धुतले, आणि कोऱ्या कागदावर यादी नव्यानं लिहिली. या वेळी फक्त दोनच वस्तू होत्या, आणि त्या मी एकाच ओळीत लिहिल्या.