पांढऱ्या बोटांचा साक्षीदार

लंडनच्या पिनर उपनगरातून निघालो तेव्हा गाडीच्या काचेवर दव गोठलेलं होतं. श्रीधरदादा ते जुन्या बँक कार्डाने खरवडत होता आणि सुनीतावहिनी दारात उभ्या राहून मला माझी कामगिरी समजावत होत्या.

दादा माझा मावसभाऊ; मी सांगलीहून त्यांच्याकडे पाहुणा आलो होतो. तरुणपणी मिरजेहून इथे आला, निवृत्त होईपर्यंत इस्पितळांत हाडांची ऑपरेशनं केली आणि मग धनुष्यबाण हाती घेतला. गेले दोन हिवाळे थंडीत त्याची बोटं पांढरी पडून बधिर होतात.

"भावोजी, बोटं पांढरी झाली तर मला खरं सांगायचं," वहिनी म्हणाल्या. "यांनी कबूल केलंय. पुन्हा झाली की थंडीतलं जाणं बंद."

"आणि दादाने मला पढवलं तर?"

"पढवतीलच. म्हणून आधी सांगतेय."

मग त्यांनी ओवा घालून कोमट केलेलं तिळाचं तेल दादाच्या दहाही बोटांना चोळलं. त्याने मुकाट्याने हात पुढे केले होते.

वॉटफर्ड मागे पडल्यावर दादा म्हणाला, "तिला काय सांगायचं ते परत येताना ठरवू."

या देशात धनुष्याने शिकार करायला कायद्याने बंदी आहे. त्यामुळे दादाच्या तिरंदाजी क्लबची मंडळी रानात फोमचे प्राणी उभे करतात आणि एका प्राण्याकडून दुसऱ्याकडे दिवसभर चालत नेम धरतात. बीच जातीची झाडं निष्पर्ण, खोडं राखाडी, खाली कुजलेल्या नेच्यांवर हिमाचा पातळ थर. क्लबचे अध्यक्ष हिरवा झगा घालून, टोपीत पीस खोचून आले. त्यांनी शिंग फुंकलं आणि ते पूर्वजांवर बोलले. झग्याखाली गळ्यापर्यंत चेन ओढलेलं फुगीर जाकीट होतं. पूर्वजांना मिळालं असतं तर त्यांनीही घातलंच असतं.

आमच्या सोबत आर्थर होता, टपाल खात्यातून निवृत्त झालेला पोस्टमन. पहिलं जनावर रानडुक्कर. दादाने दोरी ताणली आणि ती वेळेआधीच सटकली. बाण नेच्यांत गेला. आर्थरने दादाचा हात धरून हुंगला.

"डॉक्टर, तळायला काढलेत का हात?"

"बायकोची माया आहे."

"माया असू द्या. दोरीला लावू नका."

तेलाने दादाची बोटांना लावायची चामडी पट्टी निसरडी झाली होती. आर्थरने स्वतःची कोरडी पट्टी दिली. मग पंजा कापलेले दोन जुने मोजे खिशातून काढून दादाच्या मनगटांवर चढवले. "पाकिटं वाटायला बोटं उघडीच लागतात," तो मला म्हणाला. "मनगटं गरम ठेवायची, बोटं आपोआप टिकतात." नेम धरून झाला की दादा हात मफमध्ये (कमरेला बांधायच्या, दोन्हीकडून उघड्या लोकरी नळीत) घाली. मला आर्थरने चांदीच्या कागदात गुंडाळलेला भाजलेला बटाटा दिला. सकाळभर तो खिशात धरायचा आणि दुपारी मीठ लावून खायचा.

दुपारी आम्ही ओंडक्यावर बसून बटाटे आणि वहिनींचे धपाटे खाल्ले. लसणीची चटणी खाल्ल्यावर आर्थर घटाघट पाणी प्यायला. मग म्हणाला, "ही मनगटाला बांधायला हवी होती."

तोवर दादाचे हात ठीक होते. चार-पाच बाण चांगले लागले, आणि मी मनात वहिनींसाठी निरोप तयार करू लागलो. पण नंतर वारा सुटला. शेवटची वाट एका सावलीतल्या घळीत उतरत होती, तिथे दिवसभर ऊन आलेलं नव्हतं. तळाशी मान वळवून आमच्याकडे पाहणारं हरीण उभं होतं.

दादाने हात मफमधून काढला. दोन बोटं मुळापर्यंत मेणबत्तीसारखी पांढरी होती. मी पाहिलं, आणि मी पाहिलं हे त्यानेही पाहिलं. त्याने बाण जोडून दोरी गालापर्यंत ओढली. तिथेच थांबला. मग इंचाइंचाने दोरी परत आणली. बाण भात्यात ठेवला.

"घाई नाही, डॉक्टर. हात गरम करून घ्या," आर्थर म्हणाला.

"नको. दोरी बोटांत आहे की नाही, तेच कळत नव्हतं."

"फोमचंच तर आहे, दादा," मी म्हणालो.

"बधिर हाताने मी ऑपरेशनला कधी उभा राहिलो नाही. आता ही सवय लावू?"

पुढची पाळी आर्थरची होती. त्याने धनुष्य उचललंच नाही. दिवसभराची नोंद ठेवायचं कार्ड काढून हरणासमोर दोघांच्याही नावाला रेघ मारली. "आमच्या गटात असंच आहे," तो मला म्हणाला. "एकाचे हात गेले की ते जनावर सगळ्यांचंच सुटलं." घळीबाहेर पुन्हा शिंग वाजत होतं. आम्ही बक्षिसांना थांबलो नाही.

परतताना गाडीतला हीटर जोरात चालू होता. मी एक खोटं तयार ठेवलं होतं. कडेला जराशी फिकट झाली होती, वगैरे. वॉटफर्ड आलं तेव्हा विचारलं, "वहिनींना काय सांगायचं?"

"ठरलंय," तो म्हणाला.

दार उघडून वहिनींनी दादाकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडण्याआधी दादाने दोन्ही हात पुढे केले. बोटं चांगली गुलाबी होती. हीटरने सगळा पुरावा पुसून टाकला होता.

"आत्ता बरी दिसतायत," तो म्हणाला. "घळीत नव्हती. दोन बोटं, मुळापर्यंत."

वहिनींनी ते हात आपल्या हातांत घेतले आणि बराच वेळ सोडले नाहीत. मनगटावरचे मोजे त्यांना दिसले. ते त्यांनी नीट वर ओढले. दादाने धनुष्याची दोरी उतरवली, गुंडाळली आणि त्यांच्या हातात दिली.

"एप्रिलपर्यंत तुझ्याकडे."

त्यांनी ती मसाल्याच्या कपाटात, ओव्याच्या बरणीमागे ठेवली.

सांगलीला परतल्यावर लोक विचारतात, विलायतेत काय पाहिलंत? राजवाडा पाहिला, पहारेकऱ्यांच्या उंच टोप्या पाहिल्या. अध्यक्षांच्या पूर्वजांवरच्या भाषणातलं एक वाक्यही आठवत नाही. पण कार्डावरची ती पेन्सिलीची रेघ अजून डोळ्यांसमोर आहे, आणि मान वळवून बघणारं ते हरीण. साक्षीला मला नेलं होतं, आणि खोटं बोलायला तयार होतो तो मीच.